नाकोबाचा बॅकअप

शिंत्र्यांच्या कांडपावरचं मशीन ज्या दिवशी "मेन ड्राइव्ह थकत आला आहे, बॅकअप घ्या" असं म्हणालं, त्या दिवशी सारिकाला मशीनची काळजी नंतर वाटली, राग आधी आला. कारण मशीननं ते सांगितलं ऋतुजाला. आता बघा, कढईसमोर उभी कोण, तर सारिका. घामानं निथळतीय कोण, सारिका. गडहिंग्लजच्या मिरची बाजारामागं हे कांडप शून्यातनं उभं केलं तिनं, आणि मशीनला काही दुखलंखुपलं की ते सांगणार कुणाला, तर धाकट्या जावेला!

"आक्का, नाकोबा काय म्हणतोय ऐकलंत का?" ऋतुजानं विचारलं.

"मला कुठं काय सांगतोय तो!" सारिका म्हणाली आणि उलथणं कढईच्या काठावर असं आपटलं की रांगेतल्या बायका दचकल्या.

होळी तोंडावर आली होती. या दिवसांत आमच्या भागातली प्रत्येक बाई वर्षाच्या चटणीच्या मागं असते. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची, धने, खोबरं, तीळ, खसखस, दगडफूल, कांदा, लसूण असं सगळं आपापलं घेऊन कांडपावर यायचं, डोळ्यांदेखत भाजून घ्यायचं, डंकावर कुटून घ्यायचं आणि डबा भरून घरी न्यायचा. तो डबा पुढच्या होळीपर्यंत पुरवायचा. भाजणं बिघडलं तर घरादारानं वर्षभर बिघडलेलंच खायचं. म्हणून तर बायका कुणाच्याही हातात आपली मिरची देत नाहीत. आणि म्हणून त्या काळात गावागावातल्या कांडपांवर एकेक यांत्रिक नाक बसलं होतं. शिंत्र्यांकडं त्याला कौतुकानं नाकोबा म्हणायचे.

नाकोबा म्हणजे कढईच्या वर टांगलेली एक जाळीदार डबी आणि भिंतीला लावलेला कॉम्प्युटर. डबीत शेकडो बारीक पापुद्रे. भाजताना उडणारे वासाचे कण त्यांच्यावर बसले की त्यांच्यातनं जाणारी वीज किंचित कमीजास्त होते आणि प्रत्येक वासाची एक वेगळी नक्षी तयार होते. पण नुसत्या नक्षीला अर्थ नसतो. खोबरं कुठल्या क्षणाला खमंग आणि कुठल्या क्षणाला करपट, हे मशीनला माणसानंच सांगावं लागतं. सांगितलेलं सगळं जातं मेन ड्राइव्हमध्ये. हा ड्राइव्ह जुन्या कॉम्प्युटरातल्यासारखा नव्हे, जिथं फोटो एका फोल्डरात नि गाणी दुसऱ्यात. यात फाइल नावाची गोष्टच नसते. रानातनं रोज माणसं गेली की जशी पायवाट पडते, तशी या ड्राइव्हच्या पाटीत विजेच्या वाटा पडतात, आणि शिकलेलं सारं त्या वाटांमध्येच असतं. रांगेतल्या बायका वाटेल ते बोलत असतात, त्यांचं ऐकून मशीन बिघडू नये म्हणून ते फक्त नोंदवलेल्या आवाजांकडून शिकतं. कुठली वाट कुठल्या आवाजानं पाडली याची खूणही ठेवतं. शिंत्र्यांकडं असे आवाज दोन होते, ऋतुजाचा आणि सारिकाचा.

नाकोबा कमी बोलायचा. "अजून", "पुरे", आणि माल हाताबाहेर चालला की "नको". गेल्या दोन सीझनमध्ये सारिकाच्या वाट्याला हा "नको" फार येत होता. गिऱ्हाइकांसमोर, भरल्या रांगेत, आपल्याच कांडपावर आपल्यालाच कुणी "नको" म्हणावं, हे तिला किती झोंबत असेल ते तुम्हीच ठरवा.

संध्याकाळी जोएल बार्देस्कर आला. मूळचा आजऱ्याचा, बसस्टँडमागं त्याचं दुकान, आणि पट्ट्यातल्या सगळ्या कांडपांची नाकं तोच बघायचा. त्यानं कॉम्प्युटरला आपलं यंत्र जोडलं आणि तोंड वाकडं केलं.

"वहिनी, मिरचीची धग आणि तेलाचा धूर. ह्यात माणूस टिकत नाही, ड्राइव्ह काय टिकणार? महिनाभर काढेल, नाहीतर उद्या बसेल."

"मग नवा घाल की."

"घालतो. पण नवा म्हणजे कोरा. जुन्यातलं आधी काढून ठेवायला पाहिजे. त्याला तीन सॉफ्टवेअर आहेत, कुठलं घ्यायचं ते तुम्ही ठरवा." जोएल स्टुलावर ऐसपैस बसला. "पहिलं, छबी. हे सगळ्या पाटीची जशीच्या तशी प्रत काढतं. चांगलं, वाईट, कुणी काय शिकवलं, सगळं. पण वाटा लै नाजूक, घाईनं वाचल्या तर पुसतात. म्हणून मशीन बंद, एकदम गार, आणि आठवडाभर तरी हात लावायचा नाही."

"आठवडाभर? होळीच्या तोंडावर? तुला वेडबिड लागलंय का?"

"ऐका तर. दुसरं, फेरी. रोज जेवढं नवीन शिकलं तेवढंच उचलतं. झटपट आहे, पण त्याच्या बुडाला आधी एक पूर्ण प्रत लागते, आणि ती तुम्ही कधी काढलीच नाही."

"म्हणजे ते बाद. तिसरं?"

"वेचणी. एका दुपारचं काम. शिकवणाऱ्याच्या आवाजाप्रमाणं वाटा वेचून घेतं. ज्याच्या नावापुढं खूण, त्याचं सगळं येतं. बाकीचं राहून जातं." जोएलनं आपलं यंत्र सोडवून घेतलं. "माझं ऐकाल तर छबीच घ्या. वेचणीत काय सुटलं ते सुटल्यावरच कळतं."

"बघते," सारिका म्हणाली. पण शिकवणाऱ्याचं नाव निवडता येतं, हे ऐकल्यापासून तिच्या डोक्यात दुसरंच काही शिजायला लागलं होतं.

मत्सर एका दिवसात होत नाही. ऋतुजा नेसरीहून नवरी होऊन आली त्याच वर्षी नाकोबा आला. तोवर सारिका एकटी कढई सांभाळायची, आणि तिचं नाक असं होतं की रस्त्यानं जाता जाता कुणाच्या घरात फोडणीला जिरं आधी पडलं की मोहरी ते सांगायची. सासूबाई होत्या तोवर त्या म्हणायच्या, "ह्या पोरीच्या नाकाला देवानं डोळे दिलेत." मग ऋतुजा आली. हसतमुख, लाघवी, बायकांत पटकन मिसळणारी. सारिका कढईपाशी, डंक धडधडतोय, तोंडाला फडकं. ऋतुजा पलीकडं नाकोबापाशी उभी, गिऱ्हाइकांशी बोलतीय, मशीनशी बोलतीय. साहजिकच दिसायची ती. पुण्या-मुंबईहून फोन यायला लागले, "धाकट्या वहिनींच्या हातची पाठवा." कोल्हापूरहून एक मुलगी व्हिडिओ काढायला आली, तिनं कॅमेरा धरला तो ऋतुजाच्या तोंडासमोर. "ह्या चवीचं रहस्य काय?" ऋतुजा हसून म्हणाली, "सगळं आक्कांचं." सारिकाला ते हसणंसुद्धा खुपलं. एवढंच कशाला, तिचा स्वतःचा नवरा अभिजित जेवताना म्हणून गेला, "ऋतुजानं नाकोबाला भारी तयार केलंय." सारिकानं त्याच्या ताटात त्या दिवशी दुसरी भाकरी वाढली नाही.

त्यानंतर तिनं आपला आवाज नोंदवून घेतला आणि ऋतुजाला बाजूला सारून, कढईवरनं नाकोबापाशी जाऊन स्वतः सांगायला सुरुवात केली. पण तो मेला हिलाच "नको" म्हणायचा.

ऋतुजा माहेरच्या लग्नाला नेसरीला गेली, ती दुपार सारिकानं निवडली. कांडपाचं शटर अर्धं ओढलं, जोएलला फोन करून वेचणी मागवून घेतलं आणि पडद्यासमोर बसली. सॉफ्टवेअरनं दोन नावं दाखवली. कुणी किती शिकवलं ते प्रत्येक नावापुढच्या पट्टीवरनं दिसत होतं. ऋतुजाची पट्टी पडदाभर लांब. सारिकाची बोटभर.

सारिका बघतच राहिली. माझ्या घरात, माझ्या कढईवर, माझी हाडं झिजवून, आणि हिचं एवढं? माझं एवढुसं? तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिनं ऋतुजाच्या नावापुढची खूण काढली. 'हा भाग प्रतीत येणार नाही. खात्री आहे?' असं पडद्यावर आलं. खात्री होती. उरलेलं काय, मी शिकवीन की चार दिवसांत, मला काय कुणाकडनं शिकायचंय? तिनं खटका दाबला. आणि खोटं कशाला सांगू, तिला बरं वाटलं. लै बरं वाटलं. त्या दिवशी तिनं स्वतःसाठी वेलदोडा घालून चहा केला.

जोएलनं फोनवर विचारलं, "दोघींचं घेतलंत ना?"

"घेतलं."

"आणि प्रत एकदा चालवून बघितली? न चालवलेला बॅकअप म्हणजे बॅकअप नव्हे, वहिनी."

"बघितली," सारिका म्हणाली. एका दमात दोन खोट्या गोष्टी तिनं इतक्या सहज सांगितल्या की तिचं तिलाच नवल वाटलं.

होळी झाली आणि ऐन गर्दीत जुना ड्राइव्ह बसला. जोएल धावत आला, नवा घातला, वेचणीतली प्रत त्यात भरली आणि दुसरीकडून बोलावणं आलं म्हणून तसाच पळाला. नाकोबा जागा झाला. "नमस्कार, सारिका," तो म्हणाला. ती मनातल्या मनात हरखली.

ऋतुजा नेहमीच्या जागी येऊन उभी राहिली. धने कढईत पडले होते. "नाकोबा, धने बघ रे," ती म्हणाली.

"हा आवाज ओळखीचा नाही."

ऋतुजा हसली. "अरे मी. ऋतुजा."

"हा आवाज ओळखीचा नाही. कृपया नोंदवलेल्या व्यक्तीला बोलवा."

तिनं आणखी एकदा सांगून बघितलं, जरा जवळ जाऊन, जरा सावकाश. तेच उत्तर आलं. रांगेतली एक बाई फिदीफिदी हसली. ऋतुजाचा चेहरा एवढासा झाला. "आक्का, माझं काय झालं हो?"

"मला काय विचारतेस? बॅकअपमध्ये काहीतरी चुकलं असेल."

"परत नोंदवू का आवाज?"

"आता गर्दीत कुठं ते? पावसाळ्यात बघू."

ऋतुजा तिथून हलली आणि तागडीपाशी जाऊन बसली. नंतर ती कढईकडं फिरकली नाही. कांदा चिरायची, लसूण सोलायची, डब्यांना झाकणं लावायची. कुणी "आज तुम्ही तिकडं नाही का?" विचारलं तर "आक्का आहेत की," म्हणायची.

सारिकाचे ते दिवस सोन्याचे गेले. आपण मनात "पुरे" म्हणावं आणि नाकोबानं ते तोंडानं म्हणावं. दिवसच्या दिवस "नको" नाही, तक्रार नाही; रांगेतल्या बायका मिरचीच्या ठसक्यानं नाकातोंडाला पदर लावून उभ्या. भरल्या रांगेत मशीन फक्त तिला विचारतंय आणि तिचंच खरं मानतंय. ती जोरजोरात बोलायला लागली, बायकांच्या मिरच्यांना नावं ठेवायला लागली. तागडीपाशी मान खाली घालून बसलेल्या ऋतुजाकडं अधूनमधून बघायची, आणि खरं सांगायचं तर तेही तिला गोड लागायचं.

पाडवा होऊन गेला आणि नूलच्या छायाकाकू डबा घेऊन दारात आल्या. सारिकाचं कांडप सुरू झालं तेव्हापासूनचं हे गिऱ्हाईक. त्यांनी डबा कट्ट्यावर ठेवला आणि झाकण काढलं.

"सारिका, हे काय दिलंस गं मला?"

"का? काय झालं?"

"कडू आहे. नातवानं पहिला घास थुंकला. खोबरं करपलंय, तीळ करपलेत, धने काळे केलेस. घे, वास घे."

सारिकानं डबा नाकाशी नेला. तिला एक जोरदार शिंक आली, डोळ्यांत पाणी आलं. "चांगला झणका आहे की काकू. काही करपलं नाही."

काकूंनी नाकाला पदर लावला. "अगं दारातनं आत येताना करपट वास मारतोय. ह्या साऱ्या कांडपाला मारतोय. तुला येत नाही?"

मागं आणखी दोघीजणी डबे घेऊन उभ्या होत्या, ते सारिकाला तेव्हा दिसलं. "तुम्हाला कुणीतरी भरवलंय," ती म्हणाली. "धाकटीनं सांगितलं असेल." पण आवाजात जोर नव्हता. छायाकाकू म्हणाल्या, "मला कोण भरवतंय? वर्षाचं आहे गं बाई हे. आता वर्षभर मी काय खाऊ?"

सारिका तडक आत गेली. फडताळातनं हिंगाची डबी काढली, खडा हिंग, ज्याचा वास शेजारच्या घरापर्यंत जातो. डबी उघडून नाकाला लावली. काही नाही. आणखी जवळ लावली, श्वास भरून ओढला. दगडाचा वास यावा इतपतही काही आलं नाही. तिनं कापूर हुंगला, गोडंतेल हुंगलं, तळलेल्या कांद्याच्या पातेल्यात तोंड घातलं. नाही. मग घाईघाईनं मिरचीच्या पोत्यात हात घातला आणि मूठ नाकाशी आणली. ठसका लागला. क्षणभर तिला हायसं वाटलं, आहे की नाक! मग तिनं हिंगाची डबी परत नाकाला लावली. काही नाही.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं ते असं. वास कळतो एका मज्जातंतूनं, आणि तिखटाचा झणका कळतो दुसऱ्या. झणका म्हणजे वास नव्हे, ती आगच, नाकातल्या कातडीला लागलेली. वर्षानुवर्षं धुरात उभं राहून सारिकाचा वासाचा तंतू हळूहळू मेला होता आणि आगीचा शाबूत होता. ती दिवसभर शिंकायची, डोळे पुसायची आणि समजायची की आपल्याला सगळा वास येतोय. निदान दोन वर्षांपासून ती रंग बघून, सवयीनं, अंदाजानं भाजत होती. आणि नाकोबाला तिनं स्वतःच्या आवाजात जे काही शिकवलं होतं ते नेमकं याच दोन वर्षांत. नव्या ड्राइव्हमध्ये आता तेवढंच उरलं होतं.

ऋतुजा मागच्या पडवीत लसूण सोलत बसली होती. दवाखान्यातनं आल्या आल्या सारिका तिच्यासमोर जाऊन बसली.

"ऋतू, बॅकअपमध्ये काही चुकलं नव्हतं. तुझ्या नावापुढची खूण मी काढली."

ऋतुजाचा हात थांबला. "मुद्दाम?"

"मुद्दाम."

"का?"

"डोळ्यांत खुपत होतीस तू माझ्या. मशीन तुझं ऐकायचं, माणसं तुझं नाव घ्यायची. तुझी ती पडदाभर पट्टी बघितली आणि माझं डोकंच फिरलं." सारिकानं पदरानं तोंड पुसलं. "आता माझं नाक गेलंय म्हणे. तुझं शिकवलेलं असतं तर निभावलं असतं. तेपण मी घालवलं."

ऋतुजा हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "माझं शिकवलेलं? माझं कुठलं हो आक्का? डंक चालू असायचा, तुमच्या तोंडाला फडकं. तुम्ही कढईवरनं ओरडायचा ते नाकोबाला ऐकू जायचं नाही. मी त्याच्याजवळ उभी. तुम्ही 'पुरे' म्हणालात की मी त्याला सांगायची, 'आक्का म्हणतात, पुरे.' तुम्ही 'अजून' म्हणालात की 'आक्का म्हणतात, अजून.' धाकट्या सुनेनं आपल्या मनचं सांगायचं असतं होय ह्या घरात? त्या सगळ्यात एक शब्द माझा नव्हता. आवाज तेवढा माझा. नाक तुमचं होतं ते, तुमचं चांगलं असतानाचं."

एवढी वर्षं सारिका त्या आवाजावर जळत होती आणि त्या आवाजात ती स्वतः होती.

"आणि मागाहून तो तुम्हाला 'नको' म्हणायचा ना," ऋतुजा म्हणाली, "तोपण तुमचाच 'नको' होता. तुमचं जुनं नाक तुमच्या नव्या नाकाला टोकत होतं."

"मग त्यावर तुझं नाव कसं?" सारिकानं विचारलं. रडायच्या बेतात असतानाही हा प्रश्न विचारायचं तिनं सोडलं नाही.

आता मान खाली घालायची पाळी ऋतुजाची होती. तिनं लसणाची एक पाकळी उगाच नखानं टोकरली. "मशीन बसवलं त्या दिवशी जोएलनं विचारलं होतं, शिकवणारीचं नाव काय टाकू? त्यानं सांगितलं पण होतं की सांगणारी एक नि शिकवणारी दुसरी असेल तर तशी नोंद करता येते. मी म्हटलं, नको, ऋतुजा एवढंच टाका." तिनं साल बाजूला टाकलं. "कांडप तुमचं, पाटीवर नाव तुमचं, घरातली किल्ली तुमच्या कमरेला. भांड्यांवरसुद्धा तुमचं नाव आहे, आक्का. म्हटलं, एक तरी गोष्ट माझ्या नावावर असू दे. कोण बघायला जातंय? मी काय जळत नव्हते होय तुमच्यावर?"

"आणि माझं नाक गेलंय, हे ठाऊक होतं तुला?"

"होतं." ऋतुजानं आता सरळ तिच्याकडं बघितलं. "आधी सांगायची भीती वाटली. मग नाही सांगितलं. तुम्ही मला बाजूला सारलंत आणि नाकोबा रोज तुम्हाला 'नको' म्हणायचा, ते ऐकून मला बरं वाटायचं."

दोघी लसणाच्या ढिगाच्या दोन बाजूंना बसून राहिल्या. एकीनं दुसरीला धरून रडावं असं काही झालं नाही. सारिकाला राग आला, मग आपल्याला राग यायचा हक्क नाही हे कळलं, आणि तरी राग गेला नाही. ऋतुजाचंही तसंच असावं.

जोएलला विचारून झालं. जुन्या ड्राइव्हच्या वाटा पुसून गेल्या होत्या. "मी छबी घ्या म्हटलं होतं," एवढंच तो म्हणाला. सारिकाच्या चांगल्या नाकाची जगात कुठंच प्रत उरली नव्हती.

अभिजितनं गडहिंग्लजच्या बाजारातून पदरच्या पैशानं पहिल्या प्रतीची मिरची आणली, खोबरं आणलं, धने आणले. करपलेल्या डब्यांच्या बदल्यात चटणी नव्यानं करून द्यायची हे ठरलं. कोण भाजणार, हा प्रश्न होता.

"मी भाजीन," ऋतुजा म्हणाली. "पण आधी सांगते आक्का. तुमचं मी ऐकलंय, तुमचं नाक काही माझ्याकडं आलेलं नाही. माझ्या नाकानं भाजलं तर चटणी माझी होईल. वेगळी लागेल. लोक म्हणतील, शिंत्र्यांची चव बदलली. कुणी म्हणतील, सुधारली. तुम्हाला सोसवेल?"

"नाही सोसवणार," सारिका म्हणाली. "तू भाज."

दुसऱ्या दिवशी सकाळी कांडप उघडलं. बातमी फुटलेली होतीच, रांग नेहमीपेक्षा मोठी आणि नेहमीपेक्षा गप्प होती. सगळ्यांत पुढं छायाकाकू. नाकोबाचा कॉम्प्युटर बंद करून त्याच्यावर फडकं टाकलं होतं. उलथणं सारिकाच्या हातात, कारण एवढी मोठी कढई ढवळायचा जोर तिच्याच दंडात होता. ऋतुजा कढईच्या पलीकडं उभी राहिली. आज तिच्या तोंडाला फडकं नव्हतं. डंक बंद होता, त्यामुळं खोबऱ्याचा किस ढवळल्याचा खरखर आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

किस फिकट होता, मग पिवळसर झाला. आता कुठं कडेला तांबूस छटा यायला लागली होती.

"पुरे," ऋतुजा म्हणाली.

सारिकाचा हात थांबला नाही. एवढ्यात पुरे? हे कच्चं आहे. तिचा सगळा जन्म तिला सांगत होता की हे कच्चं आहे, अजून दोन हात फिरू देत. ही कालची पोरगी माझ्या कढईवर, माझ्या गिऱ्हाइकांसमोर, मला पुरे म्हणते! तिनं किसाकडं बघितलं. खोल श्वास घेतला. काहीच आलं नाही, नुसती गरम हवा.

छायाकाकू पुढं सरकल्या. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांनी ऋतुजाकडं बघितलंच नाही. "सारिका, रंग आला नाही गं अजून. तुझं काय म्हणणं?"

साऱ्या रांगेचे डोळे तिच्यावर होते. "अजून थोडं" असं नुसतं म्हटलं असतं तरी सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. ते शब्द तिच्या तोंडाशी आले होते.

"काकू, मला वास येत नाही," सारिका मोठ्यानं म्हणाली, मागच्या बायकांनाही ऐकू जाईल इतकं. "दोन वर्षं झाली. तिला विचारा."

काकू ऋतुजाकडं वळल्या. सारिका जळली, आणि तशी जळत असतानाच तिनं दोन्ही हातांनी कढई उचलून खाली घेतली.